कल विचारला, तयारी कोण तपासणार?

दहावीचा निकाल लागला की अहिल्यानगरच्या दिल्ली गेटपासून सावेडीपर्यंत आणि तिकडे पाथर्डी-जामखेडच्या बसस्थानकांपर्यंत फलकांचे पीक येते. गुणवंतांची छायाचित्रे, त्यांच्याहून मोठी पुढाऱ्यांची छायाचित्रे आणि तळाशी कुठल्या तरी क्लासचे नाव. पंधरवड्यात गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. प्रमुख पाहुणे मुलांना सांगतात, मोठी स्वप्ने पाहा, कलेक्टर व्हा, गावाचे नाव काढा. टाळ्या पडतात, स्मृतिचिन्हे वाटली जातात, अल्पोपाहार होतो. त्या सभागृहातील एकाही मुलाला कुणी असे विचारत नाही की, बाळा, पुढच्या तीन वर्षांत तू नेमके काय करणार आहेस, त्याला पैसा किती लागेल, तो कुठून येईल, आणि हे जमले नाही तर तुझी दुसरी वाट कोणती?

हा प्रश्न मंगलप्रसंगी विचारणे आपल्याकडे बहुधा अशुभ मानले जात असावे.

२०२५ साली राज्याच्या दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. शंभरातली चौऱ्याण्णव मुले ज्या परीक्षेत उत्तीर्ण होतात, त्या परीक्षेने मुलांची निवड करून देण्याचे आपले जुने काम केव्हाच सोडून दिलेले असते. पूर्वी निकालपत्रच मुलाला सांगत असे, तू इकडे जा, तू तिकडे जा. ती पद्धत क्रूर होती, तिच्यात कित्येक चांगली मुले गाळात गेली, हे खरेच. पण ती काहीतरी सांगत असे. आज निकालपत्र सर्वांना एकच गोष्ट सांगते : छान! त्याच वर्षी अकरावीचा ऑनलाईन केंद्रीभूत प्रवेश मोजक्या महानगरांपुरता न राहता सगळ्या राज्याला लागू झाला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने शाखा ठरवायची आणि एक ते दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहायचा. कागदावर ही केवढी लोकशाही! प्रत्यक्षात अकोले किंवा कर्जत तालुक्यातल्या मुलाचा पसंतीक्रम नेट कॅफेतला मनुष्य भरतो. पाठीमागे रांग वाढलेली असते, वडील पाकीट काढून उभे असतात आणि मुलाचे पुढचे आयुष्य पाच-सात मिनिटांत निकाली निघते.

शासनाने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची ‘कल चाचणी’ घेण्यात आली. विनोद तावडे तेव्हा शिक्षणमंत्री होते आणि पुण्याच्या श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने हा उपक्रम उभा राहिला होता. कृषी, कला, ललित कला, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, ते त्यात पाहिले जाई. पुढे ती मोबाईलवर आली, तिला अभिक्षमतेची जोडही मिळाली. एवढ्या मोठ्या संख्येने मुलांना ‘तुला काय आवडते?’ असे विचारणारे हे बहुधा पहिलेच शासन असेल, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. कोरोनाच्या काळात हा गाडा थांबला, तो पुन्हा पूर्ववत धावला नाही. २०२० साली महाकरिअर पोर्टल आले. त्यात अभ्यासक्रमांची, महाविद्यालयांची, प्रवेश परीक्षांची आणि शिष्यवृत्त्यांची माहिती भरलेली आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात छत्रपती शाहू महाराज युवाशक्ती करिअर शिबिरे झाली, मतदारसंघनिहाय, एकेका दिवसाची. मंडप, भाषणे, पत्रकांची पिशवी.

आमचा आक्षेप या उपक्रमांच्या हेतूवर नाही. तो अधिक मूलभूत आहे. कल म्हणजे तयारी नव्हे. मुलाला विमानाचे आकर्षण आहे, हे चाचणीने सांगितले. परंतु वैमानिक व्हायचे तर अकरावीला गणित आणि भौतिकशास्त्र घ्यावे लागते, हे त्याला ठाऊक आहे की नाही, हे कुठल्या चाचणीने सांगितले? आवड मोजली, माहिती मोजली नाही. स्वप्न मोजले, शिडी मोजली नाही. आणि मोजलेल्या आवडीचा कागदही हाती पडला तो शाळेशी संबंध संपत असताना! गुरुजी सुट्टीवर, मुलगा शाळेबाहेर, आणि हातात कल अहवाल. वैद्याने औषधाची चिठ्ठी द्यावी आणि त्याच दिवशी गावातले औषधाचे दुकान बंद व्हावे, त्यातला हा प्रकार.

तयारी मोजता येत नाही, असेही नाही. अमेरिकेत फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने १९०८ साली बोस्टन शहरात गरीब तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडली. स्वतःला ओळख, कामाचे जग ओळख आणि मग दोहोंची विवेकाने सांगड घाल, इतके साधे त्याचे सूत्र होते. पुढे डोनाल्ड सुपर यांनी ‘व्यावसायिक परिपक्वते’ची कल्पना मांडली आणि जॉन क्राइट्स यांनी १९७० च्या दशकात ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. मुलाला स्वतःचे मूल्यमापन करता येते का, व्यवसायांची माहिती आहे का, ध्येय निवडता येते का, त्याच्या पायऱ्या आखता येतात का आणि अडचण आली तर मार्ग काढता येतो का, ही त्यातली पाच अंगे. आमच्याकडेही या दिशेने काम झाले नाही असे नाही. मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी सुरू केली होती. मुदलियार आयोगाने आणि त्यानंतर कोठारी आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची व्यवस्था हवी, असे बजावले. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने, मानसशास्त्राचेच अभ्यासक असलेल्या आप्पा पेंडसे यांच्या प्रेरणेने, मुलांच्या बुद्धीच्या विविध पैलूंचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्याची परंपरा निर्माण केली. म्हणजे शास्त्र आहे, अहवाल आहेत, संस्था आहेत. नाही ते फक्त शाळेत पोहोचलेले.

१९५० हे साल नगरकरांना आणखी एका कारणाने स्मरते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या उद्योगातून या जिल्ह्यात कारखानदारी आली आणि कारखान्यांच्या पाठोपाठ शिक्षणसंस्था आल्या. लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात महाविद्यालयांची उणीव आहे, असे कोणी म्हणणार नाही. उणीव आहे ती महाविद्यालयाच्या दारापर्यंत शहाणपणाने पोहोचवणाऱ्या माणसाची. तो मनुष्य नाही, म्हणून त्याची जागा दुसऱ्यांनी घेतली. मे महिन्यात खासगी महाविद्यालयांचे प्राध्यापक प्रवेशाचे उद्दिष्ट घेऊन गावोगाव फिरतात. बिचाऱ्यांची नोकरीच त्यावर अवलंबून असते. शाळेत ‘करिअर मार्गदर्शन’ म्हणून जे व्याख्यान होते, ते पुष्कळदा अशाच एखाद्या संस्थेच्या जाहिरातीचे सौम्य रूप असते. विकणाराच वैद्य झाला की रोग कोणता निघणार, हे सांगायला नको.

याचे फळ काय, ते पाहायचे असेल तर पहाटे साडेचारला नगर-पाथर्डी किंवा नगर-दौंड रस्त्यावर जावे. अंधारात मुले धावत असतात. भरतीची तयारी! या जिल्ह्याचे आणि सैन्याचे नाते जुने आहे. नगरमध्ये चिलखती दलाचे केंद्र आहे, यांत्रिकी पायदळाचे केंद्र आहे. गणवेशाचे आकर्षण येथल्या मातीत आहे आणि ते अभिमानास्पदच आहे. राष्ट्रासाठी उभे राहू पाहणाऱ्या त्या मुलाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो आपण त्याच्याशी किती प्रामाणिक आहोत, हा.

२०२४ मध्ये महाराष्ट्र पोलीस दलाच्या १७,४७१ जागांसाठी जवळपास पावणेअठरा लाख अर्ज आले. एका जागेमागे शंभर अर्ज. पहाटे धावणाऱ्या किती मुलांना हा हिशेब कुणी बसवून समजावला? पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. सैन्यभरतीत २०२३ पासून ऑनलाईन लेखी परीक्षा आधी होते. ती ओलांडल्यावाचून मैदानावर पाऊलच ठेवता येत नाही. तरीही आमचा मुलगा दोन-तीन तास धावतो आणि गणित, बुद्धिमापन, मराठी व्याकरण यांना उरलेला वेळ देतो. कारण त्याच्या थोरल्या भावाच्या वेळी मैदान आधी होते आणि त्याला मार्गदर्शन तेवढे थोरल्या भावाचेच आहे. अग्निवीर योजना २०२२ साली आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर चौथा हिस्साच नियमित सेवेत, उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी. म्हणजे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी परत येणाऱ्या तीन चतुर्थांश मुलांनी पुढे काय करायचे, याचे नियोजन भरतीच्या आधी करावे लागेल. योजनेचे समर्थन आम्ही आजवर हिरिरीने केले. या नियोजनाबद्दल किती बोललो?

खुल्या प्रवर्गासाठी पोलीस भरतीची वयोमर्यादा २८ आहे. अठराव्या वर्षी धावू लागलेला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी थांबतो, तेव्हा त्याच्याजवळ मुक्त विद्यापीठाची पदवी, दुखरे गुडघे आणि काही हजार रुपयांची जुनी पुस्तके असतात. गावात त्याला सगळे ‘साहेब’ म्हणतात, अर्धे थट्टेने. नगर-पुण्याच्या अभ्यासिकांतून राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांचीही कथा फार निराळी नाही. स्पर्धा परीक्षा वाईट नव्हे. दुसरी वाट न ठेवता तिच्यात उडी घेणे घातक आहे, आणि दुसरी वाट दाखवणे हे मुलाचे नव्हे, मोठ्यांचे काम आहे.

झुंडीने निर्णय घेण्याची ही सवय आजची नाही. डी.एड. चे दिवस ज्यांना आठवत असतील, त्यांना वेगळे सांगायला नको. २००० नंतरच्या दशकात बारावी झालेल्या हुशार मुलामुलींना, विशेषतः ग्रामीण भागातल्या, एकच मंत्र दिला गेला : डी.एड. कर, दोन वर्षांत मास्तर होशील. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे महिना तीन हजारांवर काढावी लागत, तरी लोक लागेल ती किंमत मोजायला तयार होते. अध्यापक विद्यालये गल्लोगल्ली निघाली. मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर विशेष पटपडताळणी झाली, शाळांतले बनावट पट उघडे पडले आणि मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. पुढे पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल असे एकेक उंबरे वाढत गेले. हजारो डी.एड. धारक कुणी रसवंती घातली, कुणी दुधाचे संकलन केंद्र, कुणी खासगी शाळेत चार-पाच हजारांवर राबत राहिला. विद्यालये ओस पडली. पट घटतो आहे, नव्या शिक्षकांची गरज एका मर्यादेपलीकडे जाणार नाही, हे गणित अवघड नव्हते. ते मांडून मुलांसमोर ठेवणारी यंत्रणा मात्र कुणाजवळही नव्हती. नंतर अभियांत्रिकीचे तेच झाले. आता औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांची संख्या पाहताना मन शंकित होते.

या उलट, हाताशी असलेल्या वाटा कुणी दाखवत नाही. नगरमध्ये संरक्षण संशोधन संस्थेची वाहन संशोधन प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांतील तंत्रज्ञाच्या पदासाठी दहावी आणि आयटीआयचे प्रमाणपत्र असलेला उमेदवार अर्ज करू शकतो. पण तिच्या भिंतीबाहेरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला आत केवळ शास्त्रज्ञ असतात असे वाटते. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखले गेले. पारनेरच्या किती शाळांत त्या कारखान्यांतले एक तरी काम मुलांना प्रत्यक्ष दाखवले गेले? राहुरीचे विद्यापीठ शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आहे, असे आपण म्हणतो. पण तेथल्या कृषी पदवीसाठी बारावी विज्ञान आणि सामाईक प्रवेश परीक्षा लागते. गावात विज्ञान शाखा नाही म्हणून, किंवा विज्ञान अवघड असते असे कुणी सांगितले म्हणून, कला शाखेत गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलासाठी ते दार सोळाव्या वर्षीच लागलेले असते. दार लागल्याचा आवाजसुद्धा त्याला येत नाही. (कला शाखेला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही, प्रस्तुत लेखक त्याच शाखेचा पदवीधर आहे आणि तीस वर्षे लेखणीवर घर चालवतो आहे. पण निवडून जाणे वेगळे आणि ढकलले जाणे वेगळे.)

मुलींविषयी तर नियोजन हा शब्दच निराळ्या अर्थाने वापरला जातो. बारावीनंतरचे नियोजन म्हणजे स्थळ.

आपल्या विचारविश्वातही एक सोयीची सबब रूढ आहे. शिक्षणाचे काही बिघडले की मेकॉलेच्या नावाने बोटे मोडायची. त्याने ते टिपण १८३५ साली लिहिले. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे उलटून गेली. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० साली आले. सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख, सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शाळा, २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत व्यवसायशिक्षण, अशी उद्दिष्टे त्यात आहेत. धोरण आपल्या मनासारखे आहे. २०२५ साल येऊन गेले. आता आपल्या गावच्या शाळेत ते दहा दिवस झाले का, झाले असतील तर सुताराकडे, लोहाराकडे, दूध शीतकरण केंद्रात, बँकेत मुले गेली का, की मैदानावर खेळवून दहा दिवस भरले, हे तपासायला लंडनहून कुणी येणार नाही.

जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे उदाहरण येथे केवळ गौरवापुरते नाही. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही कन्या. तिच्या ठायी गुण होते, हे मल्हाररावांनी ओळखले. पण ओळखून ते थांबले नाहीत. हिशेब, पत्रव्यवहार, तोफखान्याची आणि रसदेची व्यवस्था अशी कामे त्यांनी तिच्यावर सोपवली, पत्रांतून बारीकसारीक सूचना दिल्या. १७५४ साली खंडेराव कुंभेरीला पडले, १७६६ साली मल्हारराव गेले आणि १७६७ पासून तिने राज्य चालवले, ते काही कल पाहून नव्हे. मागे अनेक वर्षांची तयारी होती आणि ती करवून घेणारा वडीलधारा मनुष्य होता. नामांतराचा जल्लोष आपण २०२४ मध्ये केला, २०२५ मध्ये त्रिशताब्दी साजरी केली. चौंडीच्या शाळेतल्या आजच्या मुलीचा मल्हारराव कोण, हे विचारायचे राहून गेले.

तेव्हा मागणी अशी आहे की, नववीच्या आरंभी आणि दहावीच्या जानेवारीत, असे दोनदा प्रत्येक शाळेत तयारीचे मूल्यमापन व्हावे. प्रश्न कठीण नकोत. तुला आवडणाऱ्या तीन कामांची नावे लिही. त्यांतले एक काम करणाऱ्या माणसाशी तू प्रत्यक्ष बोलला आहेस का? त्यासाठी अकरावीला कोणते विषय लागतात? कोणती प्रवेश परीक्षा असते, साधारण किती खर्च येतो, कोणती शिष्यवृत्ती तुला मिळू शकते? हे न जमल्यास काय करशील? उत्तरांना गुण द्यावेत, पण ते मुलाचे नव्हेत, शाळेचे. मुलाला अनुत्तीर्ण करणारी आणखी एक परीक्षा कुणालाच नको आहे. दीड वर्षात शाळेने मुलाला किती पुढे नेले, तेवढे त्यातून दिसावे आणि तो आकडा जिल्हा परिषदेने शाळेच्या निकालाशेजारी प्रसिद्ध करावा. निकालाचा फलक लावणाऱ्या संस्थाचालकांना हाही फलक लावू द्या.

यात एक सावधगिरी हवी. पाश्चात्त्य प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत उतरवून चालणार नाही. तिकडे आईवडिलांना बाजूला सारून स्वतः निर्णय घेणे ही परिपक्वतेची खूण मानली जाते. आमच्याकडे निर्णय कुटुंबाचा असतो. शुल्क भरण्यासाठी गाय विकली जाते, मामा कर्ज काढतो, थोरल्या बहिणीचे लग्न पुढे ढकलले जाते. हे मागासलेपण नव्हे, हा आपल्या समाजाचा आधार आहे. परंतु निर्णय कुटुंबाचा असेल तर तयारीही कुटुंबाचीच तपासली पाहिजे. ज्या बापाच्या शब्दाने शाखा ठरते, त्याला त्या शाखेतले काय ठाऊक आहे, हेही विचारा. मुलाइतकीच बापाचीही शिकवणी घ्यावी लागेल.

शिक्षकांवर आधीच निवडणूक, जनगणना आणि सतरा सर्वेक्षणांचे ओझे आहे, ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. म्हणून हे काम सगळे त्यांच्या गळ्यात मारू नये. प्रत्येक तालुक्याच्या गावी निवृत्त मुख्याध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, माजी सैनिक तर गावोगाव आहेत. शैक्षणिक कर्जाचा अर्ज कसा भरावा, हे बँकेतल्या माणसाइतके कोण सांगणार? चार वर्षांनी सैन्यातून परतल्यावर काय होते, ते माजी सैनिकाइतके कोण सांगणार? आपल्या कार्यकर्त्यांनी गुणगौरवाचे एखादे व्यासपीठ कमी उभारावे आणि तेवढ्या दिवसांत एका शाळेची नववी दत्तक घ्यावी. महिन्यातून एक शनिवार, एक कामकरी पाहुणा : परिचारिका, लेथ चालवणारा, आडतीवरचा हिशेबनीस, द्राक्षबागायतदार, तलाठी. पाहुण्याने भाषण करू नये. आपला दिवस कसा जातो, पगार किती, इथवर कसे पोहोचलो, एवढेच सांगावे.

पालकसभेला वडील येत नाहीत, असे मुख्याध्यापक सांगतात. तेही खरे आहे. पण सभा कधी ठेवता, ते आधी पाहा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांत ती दसऱ्याच्या आधीच घ्यावी लागेल. एकदा कारखान्यांच्या गाड्या गावात आल्या की कोयता घेऊन अर्धे गाव बाहेर पडते, आणि जानेवारीत शाळा ज्यांना निरोप पाठवते, ते आईवडील तेव्हा दूरच्या कुठल्या तरी फडात उसाच्या मोळ्या बांधत असतात.